गोल्फचा स्विंग: गेलेलं अंतर नेमकं जातं कुठे?

ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारण्याचा क्लब, म्हणजे काठी) पूर्वीसारखा लागत नाही, ही तक्रार काही वर्षं गोल्फ खेळलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असते. त्यावर बहुतेकांचा पहिला उपायही एकच असतो: आणखी जोर लावायचा. जोर लावला की खांदे आवळतात, हात घाईने पुढे येतात, बॉल फेसच्या, म्हणजे क्लबच्या मारायच्या बाजूच्या, कडेला लागतो आणि होतं नव्हतं ते अंतरही जातं. माझं ठाम मत आहे की हौशी खेळाडूचं अंतर बहुतेक वेळा ताकद कमी पडल्यामुळे जात नाही. क्लब आणि बॉल एकमेकांना भिडतात त्या क्षणी ते वाया गेलेलं असतं. त्यामुळे शोध तिथूनच सुरू करायचा आणि कारणापर्यंत मागे मागे जायचं. (पुढे सगळीकडे उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धरला आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.)

आधी वेगाचा हिशेब बघू. बॉल सुटतानाच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागलं की जो आकडा येतो त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरने बॉल फेसच्या मधोमध बसला तर हा आकडा १.५ च्या जवळ जातो. त्याच्या फारसा वर तो जाऊ शकत नाही, कारण फेसला किती उसळी असावी यावर नियमांनीच मर्यादा घातली आहे. आता एकाने ताशी ९५ मैल वेगाने क्लब फिरवला, पण बॉल फेसच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळच्या भागात, लागला आणि स्मॅश फॅक्टर १.३८ आला. बॉल सुटला ताशी १३१ मैलांनी. दुसऱ्याने ९० मैलांनीच फिरवला, पण मधोमध लावून १.४८ मिळवला. त्याचा बॉल सुटला १३३ मैलांनी. म्हणजे पाच मैलांनी सावकाश मारणारा पुढे गेला, आणि त्याचा बॉल सरळ जाण्याची शक्यताही जास्त.

एलपीजीए टूर या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या खेळाडूंकडे बघा. त्यांच्या ड्रायव्हरचा वेग सरासरी ताशी ९४ मैलांच्या आसपास असतो आणि बॉल हवेतच २१५ यार्डांच्या पुढे जातो. नेहमी खेळणाऱ्या हौशी पुरुषाचा वेगही साधारण तेवढाच असतो. पण त्याचा बॉल जमिनीवर घरंगळून जाईल ते अंतर धरूनही तिथपर्यंत बहुधा पोचत नाही. वेग सारखा असूनही फरक पडतो तो बॉल कुठे लागला, फेस कुठे बघत होता आणि क्लब कोणत्या दिशेने येत होता, या तीन गोष्टींमुळे.

तेव्हा पहिलं काम फेस तपासण्याचं. पुसता येणाऱ्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला जाडसर ठिपका काढा, तो भाग फेसकडे येईल असा बॉल ठेवा आणि मारा. ठिपका फेसवर उमटतो. आठ-दहा बॉल मारून बघितलं की चित्र स्पष्ट होतं. ड्रायव्हरच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं आहे, कारण त्याच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं आणि फटका मधोमध बसला नाही की डोकं वळून बॉलला आडवी फिरकी मिळते. त्यामुळे टाचेकडे लागलेला बॉल उजवीकडे वळतो आणि टोकाकडे लागलेला डावीकडे, मग स्विंग कितीही चांगला असो. फेसच्या खालच्या भागात लागलेला बॉल जास्त फिरकी घेतो आणि लवकर पडतो. कित्येकांनी स्लाइसवर, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या फटक्यावर, वर्षानुवर्षं मेहनत घेतलेली असते, आणि खरा दोष इतकाच असतो की ते बॉलच्या फार जवळ उभे राहतात आणि प्रत्येक फटका टाचेवर बसतो. अर्ध्या पावलाने मागे सरकून बघायला काहीच खर्च नाही.

ठिपका मधोमध येतोय आणि तरी बॉल वळतोय, तर प्रश्न फेस आणि मार्गाचा आहे. इथे जरा थांबून नीट समजून घेऊ, कारण हे एकदा कळलं की निम्मे दोष स्वतःचे स्वतः ओळखता येतात.

बॉल का वळतो

क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद. तेवढ्यात दोन दिशा एकत्र काम करतात: फेस ज्या दिशेने बघतो ती आणि क्लब ज्या दिशेने चालला आहे ती, म्हणजे मार्ग. पूर्वी असं शिकवलं जायचं की बॉल मार्गाच्या दिशेने सुटतो आणि नंतर फेसच्या दिशेने वळतो. रडारने बॉल आणि क्लब दोन्ही मोजता यायला लागल्यावर हे जवळजवळ उलटं निघालं. बॉल सुटतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. ड्रायव्हरमध्ये फेसचा वाटा साधारण ८५ टक्के, आयर्नमध्ये, म्हणजे पात्यासारख्या डोक्याच्या क्लबमध्ये, ७५ टक्के. आणि बॉल वळतो तो फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. मार्गाच्या तुलनेत फेस उजवीकडे उघडा असेल तर बॉल उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस. बंद असेल तर डावीकडे, म्हणजे हुक.

आता नेहमीचा स्लाइस घ्या. क्लब बाहेरून आत, लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे चालला आहे. फेस लक्ष्याच्या २ अंश डावीकडे बघतोय. बॉल थोडा डावीकडे सुटतो. पण फेस मार्गाच्या तुलनेत ४ अंश उघडा असल्यामुळे बॉल हवेत उजवीकडे वळायला लागतो आणि शेवटी उजव्या झाडीत जातो. खेळाडूला दिसतं काय, तर बॉल उजवीकडे गेला. मग पुढच्या वेळी तो आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि क्लब आणखी डावीकडे ओढतो. मार्ग ६ अंशांवरून ९ वर जातो, फेस आणि मार्गातला फरक वाढतो, स्लाइस आणखी मोठा होतो. बॉल जितका उजवीकडे जाईल तितकं डावीकडे मारावंसं वाटतं, आणि जितकं डावीकडे मारावं तितका तो उजवीकडे जातो. हौशी गोल्फमधली सगळ्यात जास्त मेहनत या एका चक्रात वाया जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण ही मंडळी आळशी नसतात. सूचना उलटी पोचलेली असते एवढंच.

अंतर जातं तेही इथेच. उघडा फेस म्हणजे वाढलेला लॉफ्ट, फेसचा मागे कललेला कोन. शिवाय फटका समोरून न बसता घासून बसतो, त्यामुळे वेगाचा काही भाग बॉलला पुढे ढकलण्याऐवजी फिरकी देण्यात खर्च होतो. बॉल वर चढतो, लोंबकळतो आणि मऊ पडतो. अशा खेळाडूने नुसता फेस सुधारला तरी शरीरात कणभर ताकद न वाढवता त्याचं अंतर वाढतं.

एक लक्षण आवर्जून सांगण्यासारखं आहे. ड्रायव्हरने स्लाइस आणि छोट्या आयर्नने सरळ डावीकडे जाणारा पुल, असं होत असेल तर ते दोन वेगळे दोष नाहीत. स्विंग तोच, मार्ग तोच बाहेरून आत येणारा. छोट्या आयर्नचा लॉफ्ट जास्त असल्यामुळे बॉलवर मागची फिरकी जास्त येते आणि आडवं वळण फारसं दिसत नाही. दोन्हींवर वेगवेगळे उपाय करत बसू नका.

ग्रिप: कंटाळवाणी, पण पहिली

फेस कुठे बघतो हे मुख्यतः हातांवरून ठरतं, आणि हात क्लबवर कसे बसलेत ते मारण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून दुरुस्ती इथून सुरू करायची. डावा हात सैल सोडा, जसा तो अंगाच्या बाजूला लोंबतो तसाच क्लबवर आणा. क्लब तळहाताच्या खोबणीत रुतवायचा नाही. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तो बोटांवरून तिरका गेला पाहिजे. मग मूठ बंद करा आणि वरून खाली बघा. डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची हाडं, म्हणजे मुठीवरचे उंचवटे, दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर ग्रिप वीक आहे, फेस उघडा येणारच. चारही दिसत असतील तर स्ट्राँग आहे, हुकची तयारी झाली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली इंग्रजी व्हीसारखी घडी उजवा खांदा आणि हनुवटी यांच्या दरम्यान कुठेतरी रोखलेली असावी, दोन्ही हातांची.

ग्रिप बदलली की हातात दुसऱ्याचाच क्लब दिल्यासारखं वाटतं. वाटू द्या. आणि आणखी एक गोष्ट होते, जिला घाबरून निम्मे लोक जुन्या ग्रिपवर परत जातात: बॉल सरळ डावीकडे जायला लागतो. याचा अर्थ ग्रिप चुकली असा नाही. फेस आता मार्गाशी जुळला, पण मार्ग अजून डावीकडेच आहे, इतकंच. फेस सुधारल्याची ती खूण आहे. आता मार्गाकडे वळायचं.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांचं. व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवातीची कितीतरी वर्षं हुकने त्यांचा पिच्छा पुरवला. त्यांनी डावा हात वीक बाजूला वळवला, आणि पुढे उजवीकडे हलका वळणारा फेड हीच त्यांची ओळख झाली. १९४९ मध्ये मोटार अपघातात जबर जखमी होऊनही १९५० मध्ये मेरियनच्या मैदानावर त्यांनी यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. इतक्या मोठ्या खेळाडूचा उपायही बोटांच्या जागेपासून सुरू झाला.

ओव्हर द टॉप

मार्ग बाहेरून आत येण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे डाउनस्विंगची, म्हणजे क्लब खाली आणण्याची, सुरुवात खांद्यांनी होणं. यालाच ओव्हर द टॉप म्हणतात. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे वर नेण्याच्या, टोकाला पोचल्या पोचल्या उजवा खांदा बॉलच्या दिशेने पुढे झेपावतो, क्लब बाहेर फेकला जातो आणि तिथून तो फक्त डावीकडेच ओढला जाऊ शकतो.

चांगल्या स्विंगमध्ये क्रम खालून वर असतो. वजन डाव्या पायाकडे सरकायला लागतं तेव्हा क्लब अजून मागे जातच असतो. मग कंबर वळते, मग धड, मग हात, सर्वांत शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपला वेग गाठून मंदावतो आणि तो वेग पुढच्याला मिळतो. गोफण फिरवणाऱ्याचा हात बघितला असेल तर हे लगेच कळेल: हात थोडासाच हलतो, पण दगड सुसाट सुटतो, कारण तो सगळ्यात शेवटी सुटतो. ओव्हर द टॉपमध्ये खांदे आधीच सगळा वेग खर्च करून बसतात, आणि बॉलपाशी पोचेपर्यंत क्लब थकलेला असतो. म्हणून हा दोष दिशा आणि अंतर दोन्ही खातो.

यावरचा जुना आणि खात्रीचा सराव असा. बॉलच्या पलीकडच्या बाजूला, लक्ष्यरेषेच्या जरा बाहेर आणि बॉलच्या फूटभर मागे ड्रायव्हरचं कव्हर ठेवा. क्लब बाहेरून आला तर कव्हर उडेल. आधी बॉल न ठेवता, मग अर्ध्या वेगाने बॉल मारून बघा. "आतून मारायचं" असं मनाशी घोकून मार्ग बदलत नाही. समोर अडथळा दिसला की शरीर आपोआप वाट शोधतं. अर्ध्या वेगाने सलग जमायला लागेपर्यंत वेग वाढवायचा नाही. पूर्ण वेग लावला की जुनी सवय पहिल्याच फटक्यात परत येते.

तालाचंही इथेच सांगतो. चांगल्या व्यावसायिकांचा बॅकस्विंग डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ घेतो: वर जायला पाऊण सेकंद, खाली यायला पाव सेकंद. "सावकाश स्विंग कर" हा सल्ला म्हणून अर्धवट आहे. फार सावकाश मागे नेलेला क्लब वरून हिसका देऊनच खाली आणावा लागतो, आणि हिसका दिला की खांदे पुढे.

मागची जमीन, उंचावलेली कंबर

आयर्नने कधी जमीन आधी लागते, कधी बॉलच्या डोक्यावर फटका बसतो. हेही दोन दोष वाटतात, पण बहुधा कारण एकच असतं: स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. क्लब तिथे जमिनीला लागला तर फॅट, तिथून चुकून वर येताना लागला तर थिन. चांगल्या खेळाडूंचा हा बिंदू बॉलच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला साधारण १० सेंटीमीटर असतो. म्हणूनच त्यांचा डिव्हॉट, म्हणजे उखडलेला गवताचा तुकडा, बॉलच्या जागेच्या पुढे निघतो. तपासायला गवतावर एक रेघ ओढा, ती दोन पायांच्या मध्यावर येईल असं उभं राहा आणि बॉलशिवाय स्विंग करा. गवत रेघेच्या मागे खरवडलं गेलं तर वजन उजव्या पायावरच राहिलं, असं समजा.

इथे बॉलला वर उचलण्याचा मोह आड येतो. बॉल हवेत जावा म्हणून मनगटं आधीच उलगडतात, क्लब हातांच्या पुढे जातो. बॉल वर नेण्याचं काम लॉफ्टचं आहे, तुमचं नाही. पण "मनगटं धरून ठेवा, लॅग टिकवा" (लॅग म्हणजे क्लब हातांच्या मागे राहणं) या सल्ल्याच्या मी विरोधात आहे. मनगटं लवकर सुटणं हे बऱ्याचदा लक्षण असतं. फेस उघडा येतोय हे हातांना जाणवतं आणि ते शेवटच्या क्षणी त्याला बंद करायला धावतात. ग्रिप सुधारली आणि वजन डावीकडे आलं की मनगटांचा प्रश्न पुष्कळदा आपोआप मिटतो. ते न करता मनगटं आवळून धरली तर स्लाइस दुप्पट होईल.

दुसरा सर्रास आढळणारा दोष म्हणजे अर्ली एक्स्टेन्शन. डाउनस्विंगमध्ये कंबर बॉलच्या दिशेने पुढे सरकते, पाठीचा कोन सुटतो, माणूस उभा राहतो. हातांना जागा उरत नाही, मग कधी टाचेवर, कधी डोक्यावर, कधी हुक. बघणारे म्हणतात, "डोकं वर उचललंस!" हा गोल्फमधला सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात कमी उपयोगी सल्ला असेल. डोकं वर आलं ते शरीर वर आलं म्हणून. डोकं जबरदस्तीने खाली दाबून ठेवलं की शरीराचं वळणं थांबतं आणि कंबर आणखी पुढे ढकलली जाते.

त्यापेक्षा मागे खुर्ची ठेवा, पाठ टेकायची बाजू तुमच्याकडे, जेमतेम कंबरेला टेकेल इतक्या अंतरावर. बॅकस्विंगमध्ये उजवा कुल्ला खुर्चीला टेकलेला राहिला पाहिजे. डाउनस्विंगमध्ये तो सुटेल, पण त्याची जागा डाव्याने घ्यायची. दोन्ही एकाच वेळी खुर्चीपासून सुटले की कंबर पुढे गेली. दर फटक्याला हे जाणवतं, आरसा किंवा प्रशिक्षक लागत नाही.

ड्रायव्हरचं वेगळं गणित

आयर्न खाली जाताना बॉलला लागला पाहिजे. ड्रायव्हर मात्र सपाट किंवा किंचित वर जाताना. क्लबचा वेग ताशी ९० मैल असेल तर ५ अंश खाली मारणं आणि ५ अंश वर मारणं यात हवेतल्या अंतराचा फरक सुमारे २० यार्डांचा पडतो. एलपीजीएच्या खेळाडू सरासरी ३ अंश वर मारतात. कमी वेगातून जास्त अंतर काढण्याचं त्यांचं मोठं गुपित हेच. त्यासाठी बॉल डाव्या टाचेच्या रेषेत, टी (बॉल ठेवायची खुंटी) इतकी उंच की निम्मा बॉल क्लबच्या वर दिसावा, आणि उभं राहताना उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली.

एक सावधगिरी. बॉल पुढे ठेवला की क्लब डावीकडे वळायला लागल्यावर त्याला भेटतो. त्यामुळे ज्यांचा मार्ग आधीच बाहेरून आत आहे त्यांचा स्लाइस यामुळे वाढू शकतो. त्यांनी आधी मार्ग सुधारावा, मग हे वीस यार्ड गोळा करावेत.

वय आणि शरीर

वयाबरोबर वेग कमी होतो, हे खरं. पण त्यातला बराचसा भाग वळता न येण्यामुळे जातो. कंबर आणि पाठीचा वरचा भाग आखडला की बॅकस्विंग अर्धवट राहतो आणि उरलेलं काम हातांवर पडतं. उजवा पाय थोडा बाहेर वळवून उभं राहा आणि बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्या. महान गोल्फपटू जॅक निकलॉस यांची टाच भर तारुण्यातही उचलली जायची, त्यात कमीपणा काही नाही. बॅकस्विंगच्या टोकाला शरीराचा वरचा भाग लक्ष्याच्या बाजूला झुकत असेल तर मात्र तो आधी दुरुस्त करा. त्यातून बळ येत नाही, आणि कंबरेच्या मणक्यांवर ताण पडतो. वेग कमी झाला असेल तर ड्रायव्हरचा लॉफ्ट वाढवून बघावा, शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, फार कडक नाही ना ते तपासावं.

सातत्य कुठून येतं

सातत्य म्हणजे सुंदर स्विंग नव्हे. अमेरिकन व्यावसायिक जिम फ्युरिक यांचा क्लब वर जाताना असा काही वेटोळा घेतो की कोणताही प्रशिक्षक ते शिकवणार नाही. पण बॉलपाशी फेस दर वेळी जिथे हवा तिथे येतो. त्यांनी २००३ मध्ये यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरच्या एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला. म्हणून व्हिडिओत स्वतःचा स्विंग कुणासारखा दिसतो हे शोधू नका. आणि व्हिडिओ घेताना फोन हातांच्या उंचीवर, हातांच्या मागे, लक्ष्यरेषेला समांतर ठेवा. तो जरा उजवीकडे-डावीकडे सरकला तरी चांगला मार्ग वाईट आणि वाईट चांगला दिसतो. या चुकीच्या व्हिडिओवरून लोक नसलेले दोष दुरुस्त करत बसतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम ठरलेला: बॉल फेसवर कुठे लागतो, मग ग्रिप, मग उभं राहण्याची दिशा, मग मार्ग, मग खालचा बिंदू. नवी हालचाल बसेपर्यंत एकच क्लब घेऊन, अर्ध्या वेगाने, मध्येमध्ये बॉल न ठेवता सराव करावा. ती बसली की मात्र एकाच क्लबने एकाच दिशेने बॉलमागून बॉल मारणं थांबवा. दर बॉलला क्लब बदला, लक्ष्य बदला, दर वेळी मागे जाऊन नव्याने उभे राहा. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, हे वाईट दिसेल, फटके चुकतील. मैदानावर मात्र प्रत्येक फटका एकदाच मारायला मिळतो, आणि सराव त्याचाच हवा.